छऱ्याच्या बंदुकीचा हिशेब

पाऊस ओसरतो, परसातल्या मांडवाला पडवळ-दोडके लोंबू लागतात, आणि कोकणातल्या तालुक्याच्या बाजारपेठेत काही ठराविक दुकानांच्या फळीपाशी एक ठराविक प्रश्न विचारला जातो: ‘त्यातल्या त्यात स्वस्त आणि बरी अशी छऱ्याची बंदूक कोणती?’ विचारणारा शिकारी नसतो. तो बहुधा निवृत्त शिक्षक असतो, कचेरीतला कारकून असतो, किंवा मुंबईची नोकरी संपवून वडिलार्जित आगरात परत आलेला गृहस्थ असतो. चार माड, दोन फणस, केळीची एक रांग, भाजीचे चार वाफे एवढाच त्याचा पसारा. वानरांची एक टोळी सकाळी तासभर येऊन गेली की त्या पसाऱ्यातले निम्मे जमिनीवर पडलेले असते. खाल्लेले थोडे, नासलेले फार.

या प्रश्नामागे क्रौर्य आहे असे समजणे अन्यायाचे होईल. ज्याने वर्षभर पाणी घातले, शेण घातले, त्याच्या डोळ्यांदेखत कोवळे नारळ खुडून टाकले जातात तेव्हा त्याला होणारे दुःख खरेच असते. शिवाय हे नुकसान कोणत्याही दप्तरात चढत नाही. बाजारात न आलेल्या भोपळ्याची नोंद बाजार समितीकडे होत नाही. साहजिकच त्याच्या नासाडीचीही होत नाही. कुळीथ लावणे सोडून दिले, वाल-पावटा पेरणे सोडून दिले, अखेरीस वाडीकडे जाणेच सोडून दिले, असे म्हणणारी माणसे आज कोकणात गावोगाव भेटतात. त्यांच्या पडीक वाफ्यांचे आकडे कोणी मांडत नाही. म्हणूनच हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. तथापि तो जसा विचारला जातो तसा तो अपुरा आहे. वस्तूची किंमत आणि वस्तूसाठी मोजावे लागणारे मोल यांत अर्थशास्त्र जो फरक करते, तो येथे पावलोपावली जाणवतो.

नळी, कमान आणि ज्यूल

प्रथम वस्तूचाच विचार करू. या बंदुकीत दारू नसते. दाबलेली हवा शिशाच्या लहानशा छऱ्याला नळीतून बाहेर ढकलते. हवा दाबण्याच्या दोन पद्धती मुख्य. पहिलीत नळी मोडून खाली ओढली की आत कमान, म्हणजे स्प्रिंग, ताणली जाते. चाप ओढताच ती सुटून दट्ट्या पुढे लोटते. काही बंदुकांत स्प्रिंगऐवजी कोंडलेल्या वायूचा दट्ट्या असतो. दुसऱ्या पद्धतीत बंदुकीलाच हवेची टाकी जोडलेली असते आणि ती पंपाने आधी भरून ठेवावी लागते. पहिली काही हजार रुपयांत मिळते व वर्षानुवर्षे चालते. दुसरीचा नेम अधिक स्थिर. परंतु पंप, टाकी, वॉशर असा तिचा संसार बंदुकीइतकाच खर्चिक होऊन बसतो. स्वस्ताई शोधणारा ग्राहक ओघानेच पहिलीकडे वळतो, आणि तेवढ्यापुरता त्याचा निर्णय शहाणपणाचाच असतो.

यापुढे मात्र जाहिरात त्याचा हात धरते. बंदुकीची थोरवी वेगात सांगितली जाते: सेकंदाला हजार फूट! नववीतल्या विद्यार्थ्यालाही येणारे गणित येथे कोणी करत नाही. साधा ४.५ मिलिमीटरचा छर्रा सुमारे अर्ध्या ग्रॅमचा असतो. त्याचा वेग सेकंदाला २०० मीटर असेल तर त्याच्या अंगी १० ज्यूल ऊर्जा येते. वेग २८० मीटरच्या आसपास गेला की ती २० ज्यूल होते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. हजार फूट म्हणजे जवळजवळ ३०५ मीटर. त्या वेगाला ऊर्जा २३ ज्यूलवर जाते. आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्यातून सूट दिली आहे ती ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीला आणि २० ज्यूलपर्यंतच्या ऊर्जेला. याचा अर्थ उघड आहे. एक तर जाहिरातीतला वेग नेहमीच्या छऱ्याचा नव्हे, मुद्दाम निवडलेल्या हलक्या छऱ्याचा आहे, किंवा तो मुळीच खरा नाही. आणि तो खरा असेल, तर ‘परवाना लागत नाही’ हे दुकानदाराचे आश्वासन खोटे आहे. ग्राहकाने वेग विचारू नये. ऊर्जा किती आणि ती कोठे लिहिली आहे, हे विचारावे.

आपली मर्यादा इतर काही देशांच्या मानाने सैल आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे. इंग्लंडमध्ये विनापरवाना हवाई रायफलीची मर्यादा सुमारे १६ ज्यूल आहे. जर्मनीत ती अवघी साडेसात. ग्लासगो शहरात २००५ साली हवाई रायफलीच्या छऱ्याने दोन वर्षांच्या एका बालकाचा जीव गेला. त्यानंतर स्कॉटलंडमध्ये दीर्घकाळ चर्चा चालली, २०१५ साली कायदा झाला आणि २०१६ च्या अखेरीपासून तेथे अशी बंदूक बाळगण्यास परवाना सक्तीचा झाला. ‘मुलांचे खेळणे’ ही या वस्तूची ओळख किती फसवी आहे, हे यावरून ध्यानात यावे. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्रा यांनी ज्या प्रकारात सुवर्णपदक मिळवले त्यातील छर्राही ४.५ मिलिमीटरचाच होता. मात्र तेथे अंतर १० मीटर, निशाणा स्थिर, मागे छर्रा अडवणारी भिंत, आणि नेमबाजामागे वर्षानुवर्षांची तपश्चर्या. परसात यांपैकी एकही गोष्ट नसते. निशाणा माडाच्या शेंड्यावर उड्या मारत असतो आणि त्याच्यामागे शेजाऱ्याचे अंगण असते.

नेम कोणावर?

खरी अडचण यापुढेच आहे. बंदूक घेण्यास परवाना लागत नाही, एवढे अर्धे वाक्य ग्राहक ऐकून येतो. ती कोणावर रोखता येते, हे उरलेले अर्धे वाक्य दुसऱ्या कायद्यात आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या फार व्यापक केली आहे. ठार मारणे तर झालेच. मारण्याचा प्रयत्न करणे आणि जखमी करणे हेही तीत येते. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली आणि परिशिष्टांची नव्याने मांडणी झाली. दक्षिणेत आढळणारे लालतोंडी माकड आता पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. मोर पहिल्या परिशिष्टात, शेकरू पहिल्या परिशिष्टात. रानडुक्कर दुसऱ्या परिशिष्टात आहे. काळतोंडी वानर आणि पोपट यांनाही संरक्षण आहेच. पहिल्या परिशिष्टातील प्राण्याच्या शिकारीस किमान ३ वर्षे आणि कमाल ७ वर्षे कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड सांगितलेला आहे. काही हजारांची बंदूक एवढ्या जोखमीची असू शकते, हे तिच्या खोक्यावर मराठीत छापलेले कोठे दिसत नाही.

परसाला उपद्रव देणाऱ्यांची यादी घेऊन एकेका नावावर काट मारत गेले तर शेवटी उरतात उंदीर आणि घुशी. म्हणजे वानरासाठी घेतलेली बंदूक निर्धास्तपणे रोखायची ती उंदरावर! उंदीर तर रात्री येतो, अंधारात येतो आणि माडावर चढून देठाजवळ भोक पाडून कोवळा नारळ खाली पाडतो. त्याच्याशी बंदुकीने लढणे म्हणजे रात्रीची झोप आणि शिसे दोन्ही वाया घालवणे होय. त्यावरचा उपाय नारळ-बागायतदारांना कधीपासून ठाऊक आहे: खोडाला पुरुषभर उंचीच्या वर गुळगुळीत पत्र्याचा हात-दीड हात रुंदीचा पट्टा ठोकायचा, शेंडा साफ ठेवायचा, आणि एका माडाची झावळी दुसऱ्याला टेकणार नाही एवढे अंतर राखायचे. पट्टा एकदा बसवला की रात्रंदिवस राखण करतो, त्याला छर्रे लागत नाहीत आणि तो कधी शेजाऱ्याच्या मुलाच्या डोळ्यात जात नाही.

‘मारायचे नाही, नुसती भीती घालायची’ असा युक्तिवाद यावर हमखास केला जातो. तोही तपासून पाहिला पाहिजे. भीती घालायची ती आवाजाने. आणि स्प्रिंगच्या बंदुकीचा आवाज माडाच्या शेंड्यावरच्या टोळीला दचकवण्याइतका मोठा नसतो. तेव्हा भीती बसते ती छर्रा लागल्यावरच, आणि छर्रा लागला की कायद्याच्या भाषेत शिकार घडली. दहा-पंधरा ज्यूलचा छर्रा कातडीत शिरतो, डोळा फोडतो. मोठ्या प्राण्याचा जीव मात्र तत्काळ घेत नाही. ज्याच्या अंगात शिसे रुतले आहे ते जनावर आठवडाभर कुठल्या तरी रानात कुजत राहते. ज्या माणसांनी हनुमानजयंतीला सुंठवडा वाटला त्यांच्याच हातून हे घडावे, याची टोचणी त्यांना स्वतःलाच अधिक असते.

न मांडलेला खर्च

आता अर्थशास्त्राकडे वळू. बंदुकीची किंमत हा स्थिर खर्च. छर्रे हा बदलता खर्च. दोन्ही मिळूनही फार मोठे नाहीत. सर्वांत मोठा खर्च बिलावर नसतोच, तो माणसाच्या वेळेचा असतो. बंदूक आपण होऊन राखण करत नाही. ती घेऊन कोणी तरी उभे राहावे लागते. रत्नागिरीच्या आंबा-बागायतदाराला हे पक्के ठाऊक आहे, म्हणून तो हंगामभर नेपाळी राखणदार ठेवतो आणि त्याचा पगार आंब्याच्या पेटीवर बसवतो. परसबागेच्या मालकाला पेटी नाही. त्याचा मुलगा ठाण्याला, सून नोकरीला; घरी उरलेल्या सत्तरीच्या माणसाने पहाटेपासून बंदूक धरून माडाखाली उभे राहावे, असा हा बेत आहे. वानरे त्याची वेळ आठ दिवसांत शिकतात. तो चहाला आत गेला की ती येतात.

दुसरा खर्च शेजाऱ्याच्या खात्यावर पडतो. एका आगरातून हुसकलेली टोळी अरबी समुद्रात उडी घेत नाही; ती पलीकडच्या आगरात उतरते. पहिल्याने बंदूक घेतली म्हणून दुसऱ्याला घ्यावी लागते, दुसऱ्याने घेतली म्हणून तिसऱ्याला. गावात दहा बंदुका होतात, वानरांची संख्या तेवढीच राहते, आणि गावाचा एकूण खर्च मात्र दसपट होतो. एकेकाचा निर्णय शहाणपणाचा आणि सर्वांचा मिळून वेडेपणाचा, असे जे उदाहरण वर्गात फळ्यावर मांडतात ते येथे जिवंत पाहावयास मिळते.

तिसरा खर्च सर्वांत भयंकर. बंदूकही परवडेना म्हटले की माणूस त्याहून स्वस्त वस्तूकडे वळतो. प्लास्टिकच्या नळीत कॅल्शियम कार्बाइडचे खडे आणि पाणी घालायचे, तयार झालेल्या वायूला ठिणगी द्यायची आणि प्रचंड आवाज काढायचा, ही युक्ती शेतातली पाखरे आणि माकडे हाकलण्यासाठी निघाली. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात तीच नळी मुलांच्या हाती फटाका म्हणून गेली, आणि शंभराहून अधिक जणांच्या, त्यांतही बहुतेक मुलांच्या, डोळ्यांना गंभीर इजा झाल्या. संरक्षणाचा भार एकेकट्या माणसावर टाकला की तो सर्वांत स्वस्त साधन शोधतो, आणि सर्वांत स्वस्त साधन बहुधा सर्वांत घातक असते. यात त्याच्या अडाणीपणापेक्षा त्याच्या एकटेपणाचा दोष अधिक आहे.

मालक कोण?

रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९६० साली लिहिलेल्या सुप्रसिद्ध निबंधात एक उदाहरण घेतले आहे. गुरे पाळणाऱ्याची गुरे शेजारच्या शेतात शिरतात आणि पीक तुडवतात. कुंपण कोणी घालायचे, भरपाई कोणी द्यायची? त्याचे उत्तर असे की हक्क कोणाचा हे स्पष्ट असेल आणि वाटाघाटीला फार खर्च येत नसेल, तर दोघे बसून दोघांनाही परवडणारा मार्ग काढतील. आगराच्या मालकाने मात्र कोणाशी बसावे? वानरांचा धनी कोण? कायद्याचे ३९ वे कलम वाचले तर याचे चमत्कारिक उत्तर मिळते: शिकार झालेला किंवा मृत सापडलेला वन्य प्राणी ही राज्य सरकारची मालमत्ता. म्हणजे वानर जिवंत असेपर्यंत त्याने केलेल्या नासाडीला धनी सापडत नाही, आणि ते मेले की धनी तत्काळ हजर होतो!

हा विनोद नाही. पन्नास वर्षांच्या धोरणातली ही फट आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याने पीक-संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची खास तरतूद केली होती. कोकणातल्या कित्येक घरांत ती बंदूक अजून आहे आणि निवडणुका आल्या की ती पोलिस ठाण्यात जमा करायला न्यावी लागते. १९७२ च्या कायद्याने तिच्यासमोरचे बहुतेक सारे निशाणे काढून घेतले. ते योग्यच केले, कारण तोवर जंगले रिकामी होत आली होती. परंतु शेतकऱ्याचे एक साधन काढून घेताना त्याच्या जागी दुसरे द्यायचे राहून गेले. कायद्याच्या ११ व्या कलमात दुसऱ्या परिशिष्टातील प्राण्याने उभ्या पिकाला धोका केला तर परवानगी मिळू शकते. पहिल्या परिशिष्टातील प्राण्याच्या बाबतीत माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा प्राणी असाध्य जखमी वा रोगी असेल, तरच. लालतोंडी माकड पहिल्या परिशिष्टात गेले आणि पिकाच्या नुकसानीचे कारण तेवढ्यापुरते निरुपयोगी झाले. केरळ सरकारने याच मुद्द्यावर केंद्राकडे तक्रार केली आहे.

तर मग सरसकट मारण्याची मुभा द्यावी काय? हिमाचल प्रदेशाचा अनुभव येथे बोलका आहे. २०१६ साली सिमला शहरात आणि पुढे अनेक तालुक्यांत तेथील माकड उपद्रवी प्राणी म्हणून जाहीर झाले, मारण्यास मुभा मिळाली. पण लोक बंदूक उचलायला फारसे पुढे आलेच नाहीत. श्रद्धा आड आली. त्याच राज्यात लाखाहून अधिक माकडांची नसबंदी झाली. ते काम संथ, खर्चिक आणि कंटाळवाणे, तरीही सरकारने करण्याजोगे तेच होते. केरळने २०२२ साली रानडुकरांबाबत निर्णयाचा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांना दिला आणि गोळी घालण्याचे काम परवानाधारक नेमबाजांवर सोपवले. दोन्ही उदाहरणांचे तात्पर्य एकच: हे काम एकेकट्या घरमालकाचे नव्हे.

महाराष्ट्रातही याच दिशेने काही साध्या गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. एक म्हणजे, छऱ्याच्या प्रत्येक बंदुकीच्या खोक्यावर तिची ऊर्जा ज्यूलमध्ये, आणि कोणत्या प्राण्यांवर ती रोखणे गुन्हा आहे याची यादी मराठीत छापण्याची सक्ती करावी. यास सरकारी तिजोरीतून एक पैसाही लागत नाही. दुसरे, सौर कुंपण, जाळी आणि माडाचे पत्रे यांसाठीचे साहाय्य एकेका सातबाऱ्याला न देता वाडीला द्यावे, म्हणजे उपद्रव शेजाऱ्याकडे ढकलण्याचा मोह राहणार नाही. राखणदारही वाडीचा असावा. पूर्वी राखण हे गावाचेच काम होते, ती काही नवी कल्पना नव्हे. तिसरे, घाटांत आणि देवस्थानांपाशी वानरांना केळी, बिस्किटे, शेंगदाणे चारणाऱ्या प्रवाशांना आवर घालावा. रस्त्यावर दिलेले हे अनुदान शेवटी परसबागेतून वसूल होते. आणि चौथे, पकडणे व नसबंदी यांचे काम वन खात्याने हंगामी मोहीम म्हणून न करता कायमचे काम म्हणून पत्करावे.

तोवर दुकानाच्या फळीपाशी उभ्या असलेल्या त्या गृहस्थाला काय सांगावे? बंदूक घ्यायचीच असेल तर ४.५ मिलिमीटरची, स्प्रिंगची, ऊर्जा स्पष्ट लिहिलेली घ्यावी. पावती जपून ठेवावी. कमान ताणून ठेवू नये. छर्रे आणि बंदूक वेगवेगळ्या कुलपांत ठेवाव्यात. मागे मातीचा बांध किंवा भिंत असल्याखेरीज चाप ओढू नये, आणि वर झाडाकडे तर कधीच नव्हे. सुटीत आलेल्या नातवाला दहा पावलांवरच्या कागदी निशाण्यावर नेम धरायला शिकवण्यास ती उत्तम वस्तू आहे. पण माडावरचे नारळ वाचवण्यासाठी ती घेत असाल तर ते पैसे खिशातच असू द्यावेत, असे प्रामाणिक दुकानदाराने सांगावे. त्याच पैशांत आठ-दहा माडांना पत्रे बसतात, आणि उरलेल्या पैशांत चार शेजाऱ्यांना चहाला बोलावून वाडीच्या राखणीचा विषय काढता येतो. त्या चहाची किंमत कोणत्याही दुकानात टांगलेली नसते. पण पुढचा सारा हिशेब तेथूनच सुरू होतो.